सिनेमा सेंटर फिल्म्स : सीबीएसने पाच वर्षे चालवलेली चित्रसंस्था आणि तिचे चित्रपट

रीळमास्तर

जॉन वेनचा 'बिग जेक' आणि विल्यम फ्रीडकिनचा 'द बॉइज इन द बँड' हे दोन चित्रपट एकाच घरातून, जेमतेम चौदा महिन्यांच्या अंतराने बाहेर पडले, हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. पहिल्यात एक म्हातारा पशुपालक पळवून नेलेल्या नातवाला सोडवण्यासाठी बंदूक घेऊन निघतो. दुसऱ्यात न्यूयॉर्कमधल्या एका सदनिकेत वाढदिवसासाठी जमलेले समलिंगी पुरुष रात्रभर एकमेकांची आणि स्वतःचीही सालटी काढतात. दोन्हींच्या श्रेयनामावलीत निर्मितीसंस्था म्हणून 'सिनेमा सेंटर फिल्म्स' हे नाव येते आणि या संस्थेची मालकी होती सीबीएस या अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी कंपनीकडे. 1967 साली सुरू झालेली ही संस्था 1972 मध्ये गुंडाळली गेली. तेवढ्या काळात तिने तीसच्या आसपास चित्रपट काढले. या चित्रपटांकडे एकत्र पाहिले तर काय दिसते, यासाठी हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी देतो. 25 सप्टेंबर 1966 रोजी एबीसी या सीबीएसच्या प्रतिस्पर्धी वाहिनीने 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा जुना चित्रपट घरोघरच्या पडद्यावर दाखवला. त्या एका प्रक्षेपणाच्या हक्कांसाठी मोजलेली वीस लाख डॉलरची रक्कम त्या काळी अवाच्या सव्वा होती, परंतु प्रेक्षक मिळाले सुमारे सहा कोटी. त्यानंतर हॉलिवूडच्या जुन्या संस्थांनी आपापल्या पेटाऱ्यांचे भाव चढवले आणि आठवड्यातून दोन-दोन रात्री चित्रपट दाखवणाऱ्या वाहिन्यांना दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणणे महाग वाटू लागले. सीबीएसने मग स्वतःची विहीर खणायचे ठरवले. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागातली, पूर्वी रिपब्लिक पिक्चर्सची असलेली वास्तू तिने 1967 मध्ये विकत घेतली, कोलंबिया पिक्चर्समध्ये मुरलेल्या गॉर्डन स्टलबर्ग यांना प्रमुख नेमले आणि वितरणाचे काम नॅशनल जनरल या चित्रपटगृहांच्या साखळीच्या मालकाकडे सोपवले. चित्रपट आधी चित्रपटगृहांत चालतील, दोन पैसे मिळवतील आणि मग आपसूक आपल्याच वाहिनीच्या रात्री भरतील, असा तो सरळ व्यापारी हिशेब होता.

माझे म्हणणे असे की हा हिशेब कागदावर बिनचूक असूनही एका तारखेमुळे फसला. 1 नोव्हेंबर 1968 रोजी हॉलिवूडची जुनी आचारसंहिता जाऊन वयोगटाप्रमाणे चित्रपटांचे वर्गीकरण करण्याची पद्धत आली. संस्था आखली गेली ती जुन्या संहितेच्या काळात, जेव्हा चित्रपटगृहात चालणारा चित्रपट थोड्याफार काटछाटीने दिवाणखान्यातही चालत असे. तिचे बहुतेक चित्रपट मात्र आले ते पडद्यावर रक्त, नग्नता आणि शिवी या तिन्हींना वाट मोकळी झाल्यावर. त्यामुळे जो माल वाहिनीच्या कोठारासाठी म्हणून तयार झाला, त्यातला नेमका उत्तम भाग वाहिनीला आहे तसा दाखवता येण्याजोगा उरला नाही. 'अ मॅन कॉल्ड हॉर्स' (1970) मध्ये रिचर्ड हॅरिसला छातीत खुंट्या खुपसून टांगतात, ते दृश्य रात्रीच्या जेवणानंतर साबणाच्या दोन जाहिरातींच्या मधे कसे बसवणार होते, हे स्टलबर्गसाहेबच जाणोत.

दुसरी गोष्ट अशी की संस्थेला स्वतःची चव नव्हती. तिने चित्रपटांपेक्षा माणसांशी करार केले. स्टीव्ह मॅक्वीन, जॉन वेन, ली मार्व्हिन, डस्टिन हॉफमन अशा नटांना घेतले आणि त्यांनी जे आणले ते पदरात पाडून घेतले. म्हणून या यादीत हॉवर्ड हॉक्सचा अखेरचा चित्रपट 'रिओ लोबो' आहे, जोसेफ लोझीचा 'फिगर्स इन अ लँडस्केप' आहे आणि 'पीनट्स' या व्यंगचित्रमालिकेतल्या पोरांचे दोन चित्रपटही आहेत. एखाद्या मोठ्या वाड्याच्या लिलावात उतरल्यासारखी ही यादी दिसते. आपणा सर्वांचे मत वाचायला आवडेल.

अनवट

रीळमास्तर, धागा उत्तम आहे, परंतु 'संस्थेला स्वतःची चव नव्हती' हे मला पटत नाही. तिची चव दूरचित्रवाणीचीच होती, फक्त ती यादीच्या एका टोकाला साचली आहे. संस्थेचा पहिला चित्रपट 'विथ सिक्स यू गेट एगरोल' ऑगस्ट 1968 मध्ये आला, म्हणजे आपण सांगितलेल्या तारखेच्या तीन महिने आधी. त्यात तीन मुलांची विधवा आई आणि एका मुलीचा विधुर बाप लग्न करतात आणि घरभर गोंधळ होतो. नायिका डोरिस डे आणि नायक ब्रायन कीथ. कीथ तेव्हा सीबीएसच्याच 'फॅमिली अफेअर' या मालिकेमुळे घरोघरी पोचलेला होता आणि डोरिस डेची स्वतःची मालिका पुढच्याच महिन्यात सीबीएसवर सुरू व्हायची होती. त्या मालिकेचा करार तिच्या नवऱ्याने परस्पर केला होता आणि तो एप्रिल 1968 मध्ये वारल्यावर तिला ते कळले. थोडक्यात, हा चित्रपट म्हणजे मोठ्या पडद्यावरचा मालिकेचा एक लांबट भागच होता. डोरिस डेने त्यानंतर चित्रपटात काम केले नाही.

'पीनट्स'चेही तसेच आहे. 9 डिसेंबर 1965 रोजी सीबीएसने नाताळचा अर्ध्या तासाचा विशेष भाग दाखवला आणि तो इतका लोकप्रिय झाला की दरवर्षी दाखवायची प्रथा पडली. त्याच बिल मेलेंडेझ आणि ली मेंडेलसन या जोडीने 1969 मध्ये 'अ बॉय नेम्ड चार्ली ब्राउन' आणि 1972 मध्ये 'स्नूपी कम होम' केले. घरच्या मळ्यातले पीक घरच्याच गाडीतून बाजारात नेले, असा हा व्यवहार होता आणि पहिल्या चित्रपटापुरता तो यशस्वीही ठरला. आपण जो फसलेला हिशेब म्हणता, तो त्या चित्रपटापुरता तरी तंतोतंत जुळला आहे.

उत्तररात्र

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, परंतु या यादीतला डोंगर जो आहे त्याच्याकडे अजून कोणी वळलेले नाही. आर्थर पेनचा 'लिटल बिग मॅन' (1970) वगळला तर या संस्थेची आठवण कितीजणांना राहिली असती, याची मला शंका आहे.

थॉमस बर्जरच्या 1964 सालच्या कादंबरीवरून केलेला हा चित्रपट 121 वर्षांच्या जॅक क्रॅब या म्हाताऱ्याच्या तोंडून उलगडतो. गोऱ्यांत जन्मलेला आणि शायेन या मूलनिवासी जमातीत वाढलेला हा माणूस दोन्ही बाजूंच्या मधे लंबकासारखा हिंदकळत राहतो आणि प्रत्येक वेळी जिथे पोचतो तिथे काहीतरी उद्ध्वस्त होताना पाहतो. 1868 मध्ये वॉशिटा नदीकाठी कस्टर या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या घोडदळाने केलेली कत्तल पेनने बर्फात, बासरी आणि ढोलाच्या आनंदी तालावर चित्रित केली आहे. व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिकांनी केलेले हत्याकांड 1969 च्या अखेरीस जगापुढे आलेले होते, त्यामुळे पहिल्या प्रेक्षकांना ती नदी कुठली वाटली असेल हे वेगळे सांगायला नको. आणि हे ज्या कंपनीच्या पैशांतून झाले, तिच्याच बातम्या रोज संध्याकाळी त्या युद्धाची दृश्ये घरात आणत होत्या. मला तरी या चित्रपटाचे आणि त्याच्या मालकाचे खरे नाते हेच वाटते, मग ते कोणी योजलेले असो वा नसो.

ओल्ड लॉज स्किन्स या आजोबांची भूमिका करणारे चीफ डॅन जॉर्ज हे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचे मूलनिवासी होते. त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. मरण्यासाठी म्हणून ते टेकडीवर विधिपूर्वक आडवे होतात, तोंडावर पावसाचे थेंब पडू लागतात आणि मग कंटाळून उठून जेवायला घरी जातात, हे दृश्य मी वीस वेळा तरी पाहिले असेल.

त्याउलट 'अ मॅन कॉल्ड हॉर्स' मला आज पाहवत नाही. सू या मूलनिवासी जमातीची भाषा भरपूर वापरली, म्हणून त्याचे कौतुक झाले हे खरे आहे, परंतु तो गाजलेला विधी मॅन्डन जमातीच्या प्रथेवरून उचलून सू लोकांच्या गळ्यात बांधलेला आहे आणि शेवटी त्या सगळ्यांना लढाई शिकवायला इंग्रज सरदारच लागतो. एकाच वर्षी, एकाच तिजोरीतून, एकाच विषयावर असे दोन परस्परविरोधी चित्रपट निघावेत, यावरून मी रीळमास्तरांच्या बाजूचा आहे. चव असलेल्या माणसाने दोन्हींपैकी एकच काढला असता.

तिसरी घंटा

'द बॉइज इन द बँड' विषयी थोडे लिहिते, कारण नाटकाचा चित्रपट करताना काय सांभाळावे लागते हे मला त्यातून शिकता आले. मार्ट क्राउलीचे हे नाटक 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे छोट्या नाट्यगृहांच्या, रंगभूमीवर आले. चित्रपटाचे हक्क देताना क्राउलीने निर्मितीची सूत्रे स्वतःकडे ठेवली आणि मूळ नाटकातलेच नऊच्या नऊ नट घेतले. कोणीही मोठे नाव त्यात नाही. नटांशी करार करून चित्रपट मिळवणाऱ्या संस्थेने बिननावाच्या नऊ जणांवर पैसा लावला, हा रीळमास्तरांच्या सिद्धान्ताला छेद देणारा अपवाद आहे, असे मी नम्रपणे सुचवते.

चित्रीकरण 1969 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये चालू होते आणि त्याच उन्हाळ्यात, जूनच्या अखेरीस, त्याच शहरात समलिंगींच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडून दंगल उसळली. त्यामुळे मार्च 1970 मध्ये चित्रपट आला तेव्हा त्यातली स्वतःचाच तिरस्कार करणारी माणसे चळवळीतल्या तरुणांना जुनी आणि अपमानास्पद वाटली. तो राग मी समजू शकते, परंतु तालमीत मुरलेल्या नटांची ती लय, एकाने वाक्य सोडावे आणि दुसऱ्याने ते जमिनीवर पडायच्या आत उचलावे, ही मला आजही अजोड वाटते. त्या नऊ नटांपैकी पाच जण पुढे एड्सच्या साथीत गेले, हे कळल्यापासून शेवटचा प्रसंग पाहताना चित्त थाऱ्यावर राहत नाही. फ्रीडकिनने याच्या पुढच्याच वर्षी 'द फ्रेंच कनेक्शन' केला.

रीळमास्तर

तिसरी घंटाताई, अपवाद मान्य. अनवट, आपला मुद्दाही मी अर्धा मान्य करतो, कारण आपण दिलेल्या उदाहरणांत वर्गीकरणाच्या आधीचा एक चित्रपट आणि लहान मुलांचे दोन चित्रपट आहेत, म्हणजे काळ बदलला तरी ज्यांना त्याची झळ लागत नाही अशीच ती आहेत. परंतु एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. सीबीएसचा स्वतःचा पडदाही याच काळात बदलत होता. 1971 मध्ये तिने 'द बेव्हर्ली हिलबिलीज'सारख्या खेडवळ विनोदाच्या चालत्या मालिका एका झटक्यात बंद केल्या आणि त्याच वर्षी 'ऑल इन द फॅमिली'सारखी घरातल्या वंशद्वेषावर बोट ठेवणारी मालिका आणली. तेव्हा कदाचित चित्रसंस्था वाहिनीच्या दोन पावले पुढे गेली, एवढेच म्हणणे अधिक न्याय्य होईल.

वेनच्या बाबतीत एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. सीबीएसने घेतलेली ती वास्तू पूर्वीची रिपब्लिकची, आणि तरुण वेनने तिथे 1930 च्या दशकात स्वस्तातले घोडेस्वारीपट रांगेने केले होते. त्यांपैकी काहींचा दिग्दर्शक होता जॉर्ज शर्मन. तीस-बत्तीस वर्षांनी 'बिग जेक'च्या दिग्दर्शनासाठी वेनने त्याच शर्मनला बोलावले. नातवाच्या भूमिकेत वेनचा धाकटा मुलगा, मुलाच्या भूमिकेत दुसरा मुलगा आणि निर्माता तिसरा. घरचे कार्य आणि पाहुण्याच्या मांडवात, असा तो थाट आहे.

हिमरेषा

मी टोरांटोला राहते. इथे डिसेंबर लागला की संस्थेचा, डिकन्सच्या नाताळकथेवरचा संगीतपट 'स्क्रूज' (1970) कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर हमखास लागतो. अल्बर्ट फिनी तेव्हा चौतिशीचा होता आणि त्याने तो खवट म्हातारा असा काही उभा केला आहे की माझ्या सासूबाई, ज्यांना इंग्रजी गाणी अजिबात रुचत नाहीत, त्याही पदर सावरून बसतात. ॲलेक गिनेस मार्ली या त्याच्या मेलेल्या भागीदाराच्या भुताच्या भूमिकेत साखळदंड वाजवत हवेत तरंगतो. लेस्ली ब्रिकसची गाणी काही थोर नाहीत, परंतु स्क्रूजच्या शवपेटीवर चढून ऋणको नाचतात आणि तो काहीही न कळता त्यांच्यात सामील होतो, ते गाणे मात्र लबाड आणि सुंदर आहे. दूरचित्रवाणीसाठी साठा करण्याचा जो मूळ हेतू रीळमास्तरांनी सांगितला, तो या एका चित्रपटाने अर्धशतक उलटल्यावरही चुकता न करता पाळला आहे.

वळणरस्ता

मॅक्वीनच्या 'ल माँ' (1971) चे नाव कोणीच काढले नाही, म्हणून लिहितो. करारातून काय निघते आणि करार कुठे फाटतो, हे दोन्ही या एका चित्रपटात दिसते. मॅक्वीनच्या कंपनीने आधी सिनेमा सेंटरसाठी 'द रीव्हर्स' (1969) केला होता. त्यातल्या रुपर्ट क्रॉसला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले आणि या विभागात नामांकन मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय नट ठरला. ते गाडे सुरळीत चालल्यामुळे मॅक्वीनला मोटारशर्यतीच्या चित्रपटासाठी मोकळे रान मिळाले.

1970 च्या जूनमधली फ्रान्सच्या ल माँ गावची खरी चोवीस तासांची शर्यत चित्रित करण्यासाठी पोर्शे 908 ही गाडी कॅमेरे लावून प्रत्यक्ष शर्यतीत उतरवली गेली. मॅक्वीनला स्वतः शर्यतीत भाग घ्यायचा होता, तो विमा कंपनीने घेऊ दिला नाही. शर्यत झाली, चित्रफितींचा ढीग जमला, आणि पटकथा मात्र तयार नव्हती. जॉन स्टर्जेससारखा मुरब्बी दिग्दर्शक अखेर कंटाळून निघून गेला, वाहिनीच्या माणसांनी चित्रीकरण थांबवले आणि मॅक्वीनला आपले मानधन सोडून देऊन काम पुढे रेटावे लागले. उरलेला चित्रपट पुरा करायला ली कॅट्झिन हा दूरचित्रवाणी मालिकांतला दिग्दर्शक आला. अनवटरावांना आनंद होईल असा हा भाग आहे. चित्रीकरणातल्या अपघातात डेव्हिड पायपर या शर्यतपटूला पायाचा भाग गमवावा लागला.

आणि तरीही, पहिला अर्धा तास उलटला तरी पात्रांमध्ये संवाद म्हणावा असा होत नाही, फक्त ध्वनिक्षेपक, पाऊस, इंजिने आणि घड्याळ, असा चित्रपट कोणत्याही शहाण्या निर्मात्याने काढू दिला नसता. तिकीटबारीवर तो आपटला. मोटारवेड्या लोकांत त्याचे आजही पारायण होते आणि त्यांत मीही आहे.

कायद्याचा कीस

चर्चा चित्रपटांच्या गुणावगुणांभोवती फिरते आहे, ते योग्यच आहे, परंतु संस्था बंद का झाली याचे उत्तर केवळ तोट्यात शोधू नये. एकूण जमाखर्चात तोटा होता, हे निर्विवाद. पण त्याच्या जोडीला कायद्याचा ससेमिरा होता.

1948 च्या पॅरामाउंट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हॉलिवूडच्या मोठ्या संस्थांना सांगितले होते की चित्रपट तुम्हीच काढायचे, तुम्हीच वाटायचे आणि तुमच्याच चित्रपटगृहांत लावायचे, हे चालणार नाही. त्या निकालामुळे त्यांना चित्रपटगृहे सोडावी लागली. गंमत अशी की सिनेमा सेंटरचे वितरक नॅशनल जनरल हे याच फाळणीतून जन्मलेले, मूळचे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या चित्रपटगृहांचे वारस. आता वाहिन्या स्वतः चित्रपट काढून स्वतःच्याच पडद्यावर दाखवणार म्हटल्यावर त्याच पोळलेल्या संस्थांनी 1970 मध्ये सीबीएस आणि एबीसीवर मक्तेदारीविरोधी दावा लावला. त्याच वर्षी प्रक्षेपण नियामकाने वाहिन्यांना बाहेरच्या कार्यक्रमांत आर्थिक भागीदारी ठेवण्यास मज्जाव करणारे नियम आणले आणि एप्रिल 1972 मध्ये न्याय विभागानेही तिन्ही वाहिन्यांवर खटले भरले. तोपर्यंत स्टलबर्ग स्वतः फॉक्सच्या अध्यक्षपदावर जाऊन बसले होते. एबीसीनेही याच सुमारास आपली चित्रसंस्था आटोपली, आणि तिच्या पदरात तर 1972 सालचा, आठ ऑस्कर मिळवणारा 'कॅबरे' होता. तेव्हा चांगले चित्रपट असते तर संस्था वाचली असती, हा युक्तिवाद टिकत नाही.

रीळमास्तर

कीसकाका, आपण दिलेल्या माहितीला पुढचा दुवा जोडतो. त्याच 1970 च्या नियमांमुळे सीबीएसला आपला जुने कार्यक्रम विकण्याचा विभाग तोडून 1971 मध्ये वेगळी कंपनी करावी लागली. तिचे नाव व्हायाकॉम. या व्हायाकॉमने 1994 मध्ये पॅरामाउंट घेतली आणि 2000 साली खुद्द सीबीएसच पोटात घातली. घराबाहेर काढलेल्या मुलाने बापाचे घर विकत घेतल्यासारखेच हे झाले. (आपल्याकडे 'कलर्स मराठी' ही वाहिनी 2024 पर्यंत चालवणाऱ्या व्हायाकॉम18 च्या नावातले व्हायाकॉम ते हेच.) परिणाम असा की सिनेमा सेंटरचे बहुतेक चित्रपट पुढे पॅरामाउंटच्या डोंगराचे चिन्ह लावून तबकड्यांवर आले आणि ते चिन्ह पाहून माझ्यासारखे अनेक जण वर्षानुवर्षे ते पॅरामाउंटचेच समजत राहिले. धाग्याच्या पहिल्या वाक्यातल्या माझ्या अज्ञानाचे हे एक कारण.

अनवट

जाता जाता पदार्पणांची नोंद इथे करून ठेवतो, कारण ती विखुरलेली सापडतात. अल पचिनो पहिल्यांदा पडद्यावर दिसला तो या संस्थेच्या 'मी, नॅटली' (1969) मध्ये, मायकेल डग्लसची पहिली नायकाची भूमिका 'हेल, हीरो!' (1969) मध्ये आणि सिसी स्पेसेक 'प्राइम कट' (1972) मध्ये. त्या शेवटच्या चित्रपटाची सुरुवात कॅन्सस सिटीच्या खाटीकखान्यात एका गुंडाचे सॉसेज करण्यापासून होते, तेव्हा रीळमास्तरांच्या साबणाच्या जाहिरातींचा प्रश्न तिथेही उभा राहतो. 'रिओ लोबो'मध्ये एक शेरी लॅन्सिंग नावाची तरुण नटी आहे. तिने पुढे अभिनय सोडला, 1980 मध्ये फॉक्सच्या निर्मितीविभागाची प्रमुख झाली आणि 1992 पासून बारा वर्षे पॅरामाउंट चालवली.

उत्तररात्र

म्हणजे ज्या पॅरामाउंटच्या ताब्यात पुढे 'रिओ लोबो' गेला, त्या पॅरामाउंटच्या प्रमुखपदी तेव्हा लॅन्सिंगबाई होत्या! रात्री दीड वाजता हे वाचून मी तो चित्रपट पुन्हा लावला आहे. हॉक्सने 'रिओ ब्राव्हो' आणि 'एल डोराडो' यांचाच ऐवज तिसऱ्यांदा वाढला आहे, आणि पहिला आगगाडीचा प्रसंग सोडला तर पुढे सारे संथच आहे. लॅन्सिंगबाई अजून आलेल्या नाहीत.